दारावरच्या नोंदणीचा खर्च

"परकारभाई, कुवेतच्या टायपिंग सेंटरमधले चार गमतीदार किस्से पाठवा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. "दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं." मी हो म्हटलं, कारण किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की यंदा माझं डोकं ठिकाणावर नाही. गेल्या वर्षात मला एका गोष्टीचा इतका संताप आलाय की बाकीचं सगळं त्याच्याखाली दबून गेलंय. तेव्हा गमतीचा किस्सा एकच सांगतो, तोही धंदा समजण्यापुरता. पुढचं गोड लागलं नाही तर फराळाचं आणखी एक ताट घ्या, मी काही बदलणार नाही.

धंदा समजायला सोपा आहे. कुवेतमध्ये सरकारी कागद अरबीत चालतो. इकामा म्हणजे राहायचा परवाना, बताका म्हणजे प्रत्येकाच्या खिशातलं ओळखपत्र. ते नवीन करायचं, बायकोला बोलवायचं, कंपनी बदलायची, शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायची, काहीही असो, अर्ज लागतो आणि तो अरबीत लागतो. तो भरून देणारा माणूस मी. फरवानियात एका इमारतीच्या जिन्याखालच्या दुकानात, काचेच्या दारामागे, एकतीस वर्षं. लहानपणी मदरशात अरबी अक्षरं गिरवली होती, अर्थ कळत नव्हता. तो इथे येऊन पोटासाठी शिकलो. मराठी मात्र राजापूरच्या शाळेतली पक्की आहे. आता बरंचसं काम मोबाइलवर गेलंय, पण माणसं अजून येतात, मोबाइलच माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "भाई, हे काय विचारतंय बघा जरा."

या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. काम किचकट असेल, कागद अर्धवट असतील, माणूस डोकं खाणारा असेल, तरी तोंडातून नकार काढायचा नाही. त्याऐवजी असा भाव सांगायचा की तो स्वतःच उठून जाईल. दोन दिनारच्या कामाला पंधरा सांगायचे, वर चार खर्च सांगायचे: भाषांतर वेगळं, शिक्का वेगळा, धावपळ वेगळी. आपसांत आम्ही याला नकाराचा भाव म्हणतो. माणूस मान डोलावतो, "बरोबर आहे, खर्च येणारच," असं म्हणून जातो, आणि आपण वाईटही होत नाही. मला हे माझ्या मालकाने पहिल्या आठवड्यात शिकवलं आणि मी त्यात तरबेज झालो.

एकदाच हा भाव फसला. उम्म फहद नावाची एक म्हातारी कुवेती बाई दुकानात यायची. शेजाऱ्याची मांजरं तिच्या गाडीवर बसतात, याबद्दल तिला नगरपालिकेकडे तक्रार करायची होती. तीच तक्रार मी दोनदा लिहून दिली होती. तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानात पंधरा माणसं उभी होती, म्हणून मी सरळ पंधरा दिनार सांगितले. बाईने पर्समधून वीसची नोट काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "इक्तिब, या इब्राहीम." म्हणजे 'लिही, इब्राहीम'; इब्राहीम मी. मी मांजरांवर दोन पानं लिहिली. वाचून दाखवल्यावर तिने विचार केला आणि म्हणाली, त्यातल्या पिवळ्या मांजराचा काही दोष नाही, त्याला वगळ. मी पिवळ्या मांजराला वगळून पुन्हा दोन पानं लिहिली.

दुकानात आम्ही यावर महिनाभर हसलो. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. नकाराचा भाव ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला अडवत नाही. तो फक्त गरिबालाच दारातून परत पाठवतो.

आता मुद्द्याकडे येतो.

इथे आमचं एक मराठी मंडळ आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गणपती, कोजागिरी, मुलांच्या स्पर्धा, हळदीकुंकू, सगळं छान होतं. मंडळाचा एक मदतनिधीही आहे. कुणी आजारी पडला, कुणाला अचानक गावी जावं लागलं, कुणाचं इथे बरंवाईट झालं, तर त्यातून खर्च करायचा. निधीवर शेवटची सही अध्यक्षाची. मी वीस वर्षं सभासद आहे, आणि फॉर्म भरणं हाच माझा धंदा असल्यामुळे सभासदांची यादी पहिल्यापासून माझ्या गळ्यात आहे.

माझं घर रिग्गईत. तिथून राई नावाचा भाग जवळच. राईत शोरूम आहेत, गोदामं आहेत, गॅरेजं आहेत, आणि त्यांच्या मागे कंपन्यांच्या कामगारांच्या खोल्या आहेत. एका खोलीत आठ आठ जण. त्यातल्या एका खोलीत कुडाळकडचा गोविंद राहायचा, एसी मेकॅनिक. एका ऑगस्टात भर दुपारी आमच्या घरचा एसी बंद पडला. आमच्या मिसेसना दम्याचा त्रास. गोविंदला फोन केला तर आपली जेवणाची सुट्टी सोडून आला, गच्चीवर चढला, आणि तासाभराने लालबुंद होऊन खाली उतरला. पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, "भाई, कोकमाचा सरबत देवा, पैसे कसले देतास?" तेव्हापासून शुक्रवारी अधूनमधून मासे घेऊन यायचा. आमच्या मिसेस त्याला मालवणी पद्धतीने करायला लावायच्या आणि नंतर मसाल्यावरून त्याच्याशी वाद घालायच्या.

गेल्या थंडीत गोविंदला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. इथल्या सरकारी हॉस्पिटलने जीव वाचवला, हे मान्यच करायला हवं. तिथला इजिप्शियन डॉक्टर मला स्वतः म्हणाला, याला लवकर घरी न्या, व्यायाम लवकर सुरू करा, पहिले तीन-चार महिने फार महत्त्वाचे असतात. मग डिस्चार्ज दिला आणि गोविंद परत राईच्या खोलीत, दुमजली खाटेच्या खालच्या बंकवर येऊन पडला. कंपनी नेहमीचं तिकीट द्यायला तयार होती. पण विमान कंपनी म्हणाली, हा माणूस बसू शकत नाही, याला स्ट्रेचरवर न्यावं लागेल, म्हणजे कितीतरी सीटा आणि सोबत नर्स. त्याचा खर्च कंपनी करेना. आपल्या दूतावासात सरकारी मदतीचा अर्ज मीच भरला. त्याला त्याचा वेळ लागणार होता. मंडळाच्या निधीत मात्र तेवढे पैसे तयार होते.

मी अध्यक्षांना फोन केला. त्यांना आपण पाटीलसाहेब म्हणू. तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला अतिशय गोड. ते म्हणाले, "परकारभाई, मला खूप वाईट वाटतंय. पण तो मेंबर आहे का?"

नव्हता. राईतला एक अपवाद सोडला तर कुणीच सभासद नव्हतं. का नव्हता, ते सांगतो. मंडळात सभासदनोंदणी वर्षातून एकदाच व्हायची, निवडणुकीच्या आधी दोन आठवडे. जागा पाटीलसाहेबांचा फिंतासमधला फ्लॅट. दिवस रविवार ते बुधवार, वेळ संध्याकाळी सहा ते आठ. राईतली माणसं सातला कामावरून सुटतात. फिंतास कुवेतच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. टॅक्सीने गेले तरी पोचेपर्यंत पाटीलसाहेबांच्या घरी जेवणाची ताटं मांडलेली असायची. ही वेळ मुद्दाम ठेवली असं मी म्हणत नाही. ज्यांनी ठेवली त्यांच्या डोळ्यांसमोर राईतला माणूस कधी आलाच नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. माझ्याही डोळ्यांसमोर तो इतकी वर्षं आला नव्हता.

गोविंदच्याच खोलीत वामन राहतो. पाइपफिटर, कणकवलीचा, एकदा बोलायला लागला की थांबत नाही. तो मुळात एका नातेवाइकामार्फत कधीतरी सभासद झाला होता, राईतला तो एकटाच अपवाद, आणि नियमाने निवडणूक लढवू शकत होता. त्याने अध्यक्षपदाचा अर्ज भरला. अर्ज मीच टाइप केला. खाली 'उमेदवाराचं म्हणणं' अशी एक चौकट असते, तिच्यात लोक संस्कृती, वारसा, नव्या पिढीला मराठीची गोडी वगैरे लिहितात. वामनने एकच ओळ सांगितली: "निवडून इलंय तर पयली सही गोविंदच्या तिकिटार."

शिवाय त्याने मंडळाला एक पत्र दिलं. निवडणूक शुक्रवारी असते, त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते. तर त्याच दिवशी दारावर नोंदणी करा, आमची माणसं बताका आणि वर्गणी घेऊन येतील, सभासद होतील आणि लगेच मत देतील. एवढंच पत्र.

पाटीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. फ्लॅट आठव्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र. त्यांच्या मुलीने दार उघडलं आणि आत ओरडली, "पपा, समवन इज हिअर फॉर यू." चहा आला, बाकरवडी आली. साहेब म्हणाले, "परकारभाई, मला वामनचं म्हणणं तत्त्वतः पटतं. पण त्याच दिवशी रजिस्ट्रेशन म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशनचा केवढा खर्च! तुम्ही या क्षेत्रातले जाणकार. तुम्हीच एक एस्टिमेट काढा. जरा व्यवस्थित काढा, म्हणजे सभेला पटेल."

'व्यवस्थित' हा शब्द ते कसा म्हणाले ते मला कळलं. मी रोज गिऱ्हाइकांचे चेहरे वाचतो, मला न कळायला काय झालं? त्यांना नाही म्हणायचं होतं आणि ते माझ्या तोंडून म्हणवायचं होतं. आणि मी, फरवानियातल्या जिन्याखालचा टायपिस्ट, समुद्र दिसणाऱ्या सोफ्यावर बसून 'या क्षेत्रातले जाणकार' हे ऐकून फुगलो. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण खरं आहे.

घरी येऊन मी कागद घेतला. आठ टायपिस्ट, रोजावर. चार लॅपटॉप, भाड्याने. दोन प्रिंटर. बताके तपासायला अरबी जाणणारा एक माणूस. एकाच माणसाचं नाव दोनदा लागू नये म्हणून पडताळणी करणारे दोघे. गर्दी आवरायला दोन सुरक्षारक्षक. हॉल आणखी अर्धा दिवस. शेवटी आकस्मिक खर्च. बेरीज सातशे चाळीस दिनार. गोविंदच्या स्ट्रेचरला त्याहून थोडेच जास्त लागणार होते, हे तेव्हा माझ्या मनात आलंसुद्धा नाही. माझा हात नेहमीच्या सवयीने चालत होता. नको असलेल्या गिऱ्हाइकाला जो भाव सांगायचा, तो मी माझ्याच माणसांना लावला.

खरा खर्च काय होता, तो आज इथे लिहितो. माणूस समोर उभा, हातात बताका. त्यावर नाव, फोटो, नंबर. तो यादीत आहे का बघायचं, फॉर्म भरायचा, सही घ्यायची, वर्गणी घेऊन पावती द्यायची, यादीच्या शेवटी नाव चढवायचं, बोटाला शाई लावायची. दोनदा येईल ही भीती शाईने मिटते, गावाकडे एवढ्या मोठ्या निवडणुका त्यावर चालतात. चार टेबलं, चार स्वयंसेवक, एक माझा घरचा प्रिंटर, फॉर्मचे कागद, शाईची एक बाटली. त्रेचाळीस माणसांना पाऊण तास. मंडळाला हे काम एका संध्याकाळच्या सामोशांपेक्षा स्वस्त पडलं असतं.

आणि आधीपासून तयार असलेल्या यादीला काय खर्च येतो, हे कुणी कधी विचारलं? ती यादी मी सांभाळतो, मला विचारा. लोक नोकऱ्या बदलतात, घरं बदलतात, फोन बदलतात, कायमचे गावी जातात, यादीत मात्र तसेच राहतात. दर निवडणुकीआधी मी तीन आठवडे दुकानातून आल्यावर फोन लावत बसतो. यंदा तीन माणसं अशी निघाली की ती हयातच नाहीत, एकाच्या विधवेला मी विचारलं, "साहेब मतदानाला येणार का?" त्या बाईंनी फोन ठेवला, तो आवाज मला अजून आठवतो. हा सगळा खर्च कुणी मांडत नाही, कारण तो माझा वेळ आहे, आणि माझा वेळ फुकट आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. दारावरच्या नोंदणीला एक रास्त हरकत होती. एका दिवसात चाळीस-पन्नास माणसं आत येणार, एकाच उमेदवाराला मत देणार आणि वीस वर्षं उभ्या केलेल्या मंडळाच्या पैशावर हक्क सांगणार, हे जुन्या सभासदांना खटकणं मी समजू शकतो. यावर मोकळेपणाने भांडता आलं असतं. वामन भांडायला एका पायावर तयार होता. पण कार्यकारिणीच्या बैठकीत ही हरकत कुणी उच्चारली नाही. "आम्हांला तुमची भीती वाटते," असं म्हणायला हिंमत लागते. "खर्च परवडत नाही," असं म्हणायला माझा कागद पुरला. साहेबांनी तो वाचून दाखवला आणि म्हणाले, "परकारभाई स्वतः तीस वर्षं या फील्डमध्ये आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं डोलावतात तशा. मीही तिथेच बसलो होतो आणि काही बोललो नाही.

निवडणुकीचा शुक्रवार आला. एका शाळेचा हॉल घेतला होता. बायका साड्या नेसून आलेल्या, मुलं धावतायत, कोपऱ्यात कांदेपोह्यांचं पातेलं. मी दाराशी टेबलावर यादी घेऊन बसलो. साधारण चारला कंपनीची पांढरी बस फाटकातून आत आली. वामनने ड्रायव्हरला गळ घातली होती. त्यातून त्रेचाळीस माणसं उतरली. इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले, प्रत्येकाच्या हातात बताका, त्याखाली वर्गणीची नोट. कुणी सांगितलं नव्हतं तरी एकामागे एक रांगेत उभी राहिली. इथे आमच्या माणसांना रांग शिकवावी लागत नाही.

वामन माझ्या टेबलाशी आला. "भाई, हे सगळे आपले. बताके असत, वर्गणी आसा. नावां लिवन घेवा, बास."

मी यादीकडे बघत राहिलो. एवढ्यात पाटीलसाहेब लगबगीने आले. "वामन, आपलं ठरलंय ना? इतका खर्च मंडळाला झेपणारा नाही. प्लीज, फॅमिलीज आहेत, इथे सीन नको."

"खर्च कसलो, सायब? माणसा हंय, टेबल हंय, भाई हंय."

"भाईंनीच तर एस्टिमेट दिलंय."

वामनने माझ्याकडे बघितलं. "भाई? तुमी?"

त्या वेळी उठून 'तो कागद खोटा आहे' असं म्हणता आलं असतं. माझ्या पिशवीत दोनशे कोरे फॉर्म होते. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वामन, आधी यायला पाहिजे होतंस रे." हे वाक्य मी दुकानात दिवसातून दहादा म्हणतो. तेच तोंडातून बाहेर पडलं.

गावी असतं तर तिथे आरडाओरडा झाला असता, खुर्च्या फेकल्या गेल्या असत्या. इथे तसं होत नाही. आवाज चढला, कुणी पोलिसांना फोन केला, तर फ्लॅटवाल्याचं काही जात नाही. खोलीतल्या माणसाचा इकामा जातो. हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि साहेबांनाही ठाऊक होतं. म्हणून एकही माणूस बोलला नाही. पुढचा एक पिकल्या केसांचा सुतार नोट घडी करून परत खिशात ठेवत म्हणाला, "चला रे, गाडीत बसूया." आणि ज्या शिस्तीने आली होती त्याच शिस्तीने ती माणसं परत गेली. बस मात्र हलली नाही. निकाल कळेपर्यंत ते आत बसून राहिले.

थोड्या वेळाने साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वयंसेवकांना सांगितलं, "अरे, बसमध्ये खाण्याची पाकिटं पाठवा. आपलेच लोक आहेत." त्रेचाळीस पाकिटं मोजून गेली. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. माणसं नेमकी किती आहेत हे दोन मिनिटांत कळलं, त्याला ना लॅपटॉप लागला ना पडताळणी करणारा. मला वाटलं पाकिटं परत येतील, तोंडावर फेकली जातील. परत आली नाहीत. सकाळपासून उपाशी होती माणसं, त्यांनी खाल्ली. ते मला फेकण्यापेक्षा जास्त लागलं.

वामन अकरा मतांनी हरला. टाळ्या झाल्या. साहेबांनी भाषणात वामनचं अभिनंदन केलं आणि लोकशाहीत पराभवही सुंदर असतो, असं काहीतरी म्हणाले. अकरा मतं! आणि बाहेर त्रेचाळीस माणसं बसमध्ये कांदेपोहे खात होती.

गोविंद त्यानंतर चार महिने खालच्या बंकवर पडून राहिला. सरकारी मदत मंजूर झाली ती खर्चाच्या अर्ध्याला पुरणारी. बाकीचे राईतल्या खोल्यांनी महिन्याच्या पगारातून काढून जमवले. मी माझा वाटा दिला, पण त्याने काय होतं. मधल्या काळात त्याच्या पाठीला जखम झाली, डावा हात कोपरात आखडला. खोलीतली मुलं कामावरून येऊन त्याला आळीपाळीने कूस बदलून द्यायची; दिवसभर मात्र तो एकटा. मी त्या इजिप्शियन डॉक्टरला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "मी तुम्हांला सांगितलं होतं." मंडळातल्या कुणाला हे ऐकवलं की ते म्हणतात, "परकारभाई, आजार कुणाच्या हातात असतो का?" आजार नव्हता. चार महिने होते. ते सात पदाधिकारी आणि एक टायपिस्ट यांच्या हातात होते.

साहेबांकडे मी निवडणुकीनंतर एकदा गेलो होतो. तो अंदाज फुगवलेला होता, हे सभेला लेखी कळवतो, असं म्हणालो. ते हसले. म्हणाले, "कशाला उगाच? तुमच्याच नावाला बट्टा." तसं पत्र मी तरीही दिलं. त्याची पोच मला आजपर्यंत मिळालेली नाही, म्हणून तोच मजकूर इथे छापायला देतोय. यादी मी सोडली आहे. ती आता कोण सांभाळतं मला माहीत नाही.

गोविंद जायच्या आदल्या दिवशी मी राईला गेलो. इकामा रद्द केल्याचे कागद, हॉस्पिटलचे कागद, सगळे एका पाकिटात लावून द्यायचे होते. खोलीत सहा-सात जण होते. वामन होता. आमच्या मिसेसनी डब्यातून खीर दिली होती, ती वामन त्याला चमच्याने भरवत होता. गोविंद बराच वाळला होता. बोलणं थोडं जड होतं, पण कळत होतं.

कागद लावून झाले तेव्हा त्याने हाक मारली. "भाई, एक इचारू?"

"विचार ना."

"आमची नावां लिवक खराच तितको खर्च येता?"

वामन चमचा धरून तसाच थांबला. एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नकाराचा भाव ऐकून माणूस निघून जातो, खरा भाव विचारायला परत येत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं होतं."

"मगे किती येता?"

तोंडाने काय सांगणार होतो? पिशवीत मंडळाचे कोरे फॉर्म अजून तसेच होते. एक काढला, त्याच्या उशाखालचा बताका घेतला, वामनला घड्याळ बघायला सांगितलं आणि गुडघ्यावर पाकीट ठेवून लिहायला बसलो. नाव, वडिलांचं नाव, गाव, कुवेतमधला पत्ता, नंबर. त्याच्या उजव्या हातात पेन दिलं. त्याने सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मी तारीख घातली, खाली माझी सही केली आणि पावती फाडली.

"चार मिनटां," वामन म्हणाला.

गोविंद त्या फॉर्मकडे बघत होता. "चारच?"

"चारच."

"ती माझ्याकडची घेवची व्हती, भाई," तो म्हणाला. "माझ्याकडे दिवसभर येळच येळ आसा."

मला टोचावं म्हणून तो ते बोलला नव्हता. त्याने थट्टा केली होती, आणि माझा चेहरा बघून मलाच बरं वाटावं म्हणून तो हसला. हसताना त्याचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं. डावा गाल हलला नाही.